अंगावरून वारं गेलेल्या माणसाचं पडणं आणि त्याचं हाड: घरी आणल्या दिवसापासून काय करायचं

आईच्या अंगावरून वारं गेलं ते जुलैत. डावी बाजू गेली. दिवाळी आटोपल्यावर एका पहाटे साडेतीनला ती एकटीच उठून बाथरूमकडे निघाली, दारातल्या पायपुसण्यावरून घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगत होतो, की आई आता वॉकरशिवाय चालायला लागली!

हॉस्पिटलमधून सोडताना दिलेल्या कार्डावर अकरा औषधं होती. ती कधी घ्यायची, कशावर घ्यायची, सगळं नीट लिहिलेलं होतं. पडण्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती, हाडांबद्दल एक शब्द नव्हता. ज्यांच्या घरी लकव्याचं माणूस नुकतंच परत आलंय, त्यांच्या हाती ही माहिती आधीच असावी म्हणून लिहितेय.

हाड कशामुळे झिजतं

हाड वजनावर जगतं. आपण उभे राहतो, चालतो, ओझं उचलतो, तेव्हा त्या दाबामुळे हाडाची भर होत राहते. लकव्यात एका बाजूचे हातपाय कामातून गेले, की त्या बाजूच्या हाडावरचा दाब जातो आणि काही आठवड्यांतच ते विरळ व्हायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सगळ्यांत जास्त असतो. हाताचं हाड पायापेक्षाही लवकर झिजतं. एकाच अंगात एक बाजू घट्ट आणि दुसरी पोकळ, अशी स्थिती होते.

त्यात माणूस पडतो तोही बहुतेक वेळा कमजोर बाजूवरच. आपण पडताना हात आपोआप पुढे येतो, त्याचा तो येत नाही. सगळा मार थेट खुब्यावर बसतो. त्याच वयाच्या इतरांशी तुलना केली, तर लकवा झालेल्यांत खुबा मोडण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लकव्यानंतर घरी सोडलेल्या १०८ रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवलं होतं. त्यांतले ७३ टक्के रुग्ण त्या काळात एकदा तरी पडले.

म्हणजे धोका कधी वाढतो ते बघा. जो उठूच शकत नाही तो फारसा पडत नाही. माणूस सुधारायला लागतो, पायात थोडा जोर येतो, "आता मला जमतं" असं वाटायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच हाड सगळ्यांत वेगाने विरळ होत असतं. आमच्याकडे हे गणित कोणालाच माहीत नव्हतं. आई सुधारतेय म्हणून आम्ही तिच्यावरचं लक्ष कमी केलं होतं.

पहिले दोन दिवस नुसतं बघा

घरात काहीही बदलण्याआधी तुमचं माणूस कसं पडू शकेल ते ओळखा. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

चालताना पायाचा पुढचा भाग लोंबतो का, अंगठा जमिनीला घासतो का? मग पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल लोंबू न देणारा आधार, लागतो आणि तो मापाचाच करून घ्यावा लागतो. गुडघा मध्येच सुटतो का? पाऊल कुठे पडलंय हे खाली बघितल्याशिवाय कळतं का? एका बाजूचं दिसतच नाही असं होतं का? उजव्या मेंदूला मार बसला असेल तर आणखी एक गोष्ट होते, तिने आम्हाला महिनाभर चकवलं. आई ताटात डावीकडची कोशिंबीर आणि चटणी तशीच ठेवायची. आम्हाला वाटलं, तोंडाची चव गेली. फिजिओथेरपीच्या ताईंनी ताट अर्धं फिरवायला सांगितलं. आईने कोशिंबीर सगळी संपवली आणि आता डावीकडे गेलेली भाजी सोडली! नजर चांगली होती, पण डावी बाजू म्हणून काही आहे हे मेंदूच्या हिशेबातच नव्हतं. असा माणूस डाव्या बाजूच्या चौकटीला धडकतो, डावा पाय खुर्चीच्या पायात अडकवतो, डाव्या हातावरच बसतो. त्याला "नीट बघून चाल" म्हणून रागावण्यात काही अर्थ नाही. वाटेची डावी कड मोकळी ठेवायची आणि आपण त्या बाजूने चालायचं.

ताटाची परीक्षा तुम्हीही करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

घरात बीपीचं मशीन असेल तर आणखी एक तपासणी करा. माणसाला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उभं राहताना येणारी चक्कर त्याचीच. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या, लघवी होण्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा त्यावरून बदलता येतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही, बीपी परत चढलं तर दुसरा झटका येऊ शकतो. उभं करताना कोणीतरी दोन्ही बाजूंना असू द्या, आणि उभं राहता येत नसेल तर बसवून घेतलेले आकडेही उपयोगी पडतात.

पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट

सगळं घर बदलायची गरज नाही. ही एक वाट नीट करा, कारण दिवसातून आठ-दहा वेळा तिच्यावरून जाणं होतं, आणि घाईत होतं. लघवीची घाई हे लकव्यानंतरचं नेहमीचं दुखणं आहे.

पलंगापासून सुरुवात करा. काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली असले पाहिजेत. दिवाण बुटका असेल तर सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, वर खळगा असलेले, म्हणजे पाय त्यात बसेल आणि सरकणार नाही. पलंग असा लावा की उतरताना चांगली बाजू बाहेरच्या अंगाला येईल.

पायपुसणी सगळी उचला. दारातलं, मोरीपुढचं, देवघरापुढचं, सगळं. "खाली रबर आहे, सरकत नाही" हे आम्हीही म्हणायचो. न सरकणाऱ्या पायपुसण्याच्या कडेत लोंबणारा अंगठा अडकतो. उंबरठा काढता येत नसेल तर त्यावर ठळक रंगाची पट्टी चिकटवा. मोबाइलच्या चार्जरची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, नातवंडांची खेळणी वाटेत नकोत. रात्रभर मंद दिवा चालू ठेवा आणि वीज जाण्याचा भाग असेल तर चार्जिंगवर आपोआप लागणारा दिवा घ्या.

बाथरूममध्ये ओली फरशी हा शत्रू आहे, हे सगळ्यांना कळतं. तेलाचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे लकव्याच्या माणसाला आंघोळीआधी तेल लावायची पद्धत आहे. ते तेल तळव्यावर राहतं आणि तशाच पायाने माणूस टाइल्सवर उतरतो. मालीश करायचीच असेल तर तळवे कोरड्या पंच्याने घासून पुसा, चप्पल घाला आणि मगच उभं करा. आंघोळीला प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, त्यावरून माणूस स्टुलासकट जातो. हात असलेली, पायांना रबर असलेली भक्कम खुर्ची घ्या. बादली आणि मग चांगल्या हाताच्या बाजूला, वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर. धरायचे स्टीलचे दांडे भिंतीत ड्रिल करून बसवा, चांगल्या हाताच्या बाजूला. टॉवेल टांगायची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, वजन आलं की ती उपटून हातात येते. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडेही भरवशाचे नाहीत. भारतीय बैठकीचं संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, तीही हात असलेलीच घ्या. दाराला आतून कडी नको. माणूस आत दारालाच टेकून पडला तर दार उघडत नाही, म्हणून जमलं तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या.

रात्रीसाठी सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे ही वाट चालायलाच न लावणं. पलंगाशेजारी कमोड खुर्ची, पुरुषांसाठी युरिनलचं भांडं. आईला याची फार लाज वाटायची. आम्ही मधे पडदा लावला, तेव्हा ती तयार झाली.

आणि घंटी. उशाशी, चांगल्या हाताला लागेल अशी. बिनतारी डोअरबेलचं बटण पुरतं. बोलणं गेलेल्या माणसाला तर ती हवीच. पण नुसती घंटी ठेवून भागत नाही. हाक का मारली नाहीस, असं मी आईला नंतर विचारलं. "तुला सकाळी ऑफिसला जायचं असतं, झोप मोडली असती," म्हणाली. आमच्याकडे त्या दिवसापासून नियम झाला: रात्री दोनचा गजर मी लावते, मीच उठते, मीच विचारते. तिला मागायची वेळच येऊ द्यायची नाही. आजारी माणसाला मदत मागण्याचा फार संकोच असतो, आणि तो आपणच ओळखावा लागतो.

उठवणं, चालवणं, वळवणं

कमजोर हात धरून कधीही ओढायचं नाही. तो खांदा सैल झालेला असतो, सांधा निसटतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. काखेत हात घालून उचलणंही तसंच घातक. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो पाठीमागून धरा. बाजारात यासाठी खास पट्टे मिळतात. तुमची जागा कमजोर बाजूला, किंचित मागे. पुढे उभं राहून "ये, ये" करत दोन्ही हात धरून चालवतात तसं नको.

उठताना क्रम असा ठेवा: खुर्चीच्या किंवा पलंगाच्या कडेला सरकणं, पावलं मागे घेणं, छाती पुढे आणणं, मग उठणं. उभं राहिल्यावर मनात दहा मोजायचं आणि नंतरच पहिलं पाऊल.

काठी चांगल्या हातात. हे नव्या माणसाला उलटं वाटतं, पण बरोबर तेच आहे. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीला यावी. खालचं रबरी बूट झिजलं की लगेच बदला, मेडिकलच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

पडणं सरळ चालताना कमी होतं, वळताना जास्त. खुर्चीपाशी पोचल्यावर माणूस घाईने एका पायावर गर्रकन फिरतो आणि तोल जातो. वळण मोठं घ्यायचं, बारीक पावलं टाकत. पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली, हाताने चाचपली, की मगच बसायचं.

चालताना त्याच्याशी बोलू नका. "चहा घेणार का?" एवढा स्वयंपाकघरातून विचारलेला प्रश्नही पुरतो. त्याला चालण्याकडे सगळं लक्ष द्यावं लागतं, ते आता आपोआप होत नाही. प्रश्न बसल्यावर विचारा.

पायात मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची सँडल किंवा बूट. अंगठ्याच्या स्लिपर आणि नुसते मोजे दोन्ही नकोत. लुंगी, लांब गाऊन, नऊवारी काही दिवस बाजूला ठेवा.

झोपवून ठेवू नका

एकदा पडलं की घरचे घाबरतात. मग "तू उठूच नकोस, सगळं जागेवर देतो" सुरू होतं. मायेने होतं, पण त्याने पाय आणखी लुळा पडतो, हाड आणखी झिजतं आणि पुढचं पडणं जास्त महागात जातं. माणसाला उभं करायचंच आहे, फक्त तयारीने.

फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम तर करायचाच. त्याखेरीज दिवसातून चार-पाच वेळा खुर्चीतून उठ-बस आणि पक्क्या आधाराला धरून दोन्ही पायांवर वजन घेत उभं राहणं. कमजोर पाय नुसता टेकवलेला नको, त्यावर भार यायला हवा. आईला व्यायामाचा कंटाळा यायचा. तिला पूजा मात्र करायची असायची, आणि देवघर होतं जमिनीलगत. आम्ही देव छातीइतक्या उंचीच्या फळीवर ठेवले, फळीखाली भिंतीत दांडा बसवला. मागे हातांची खुर्ची, डावीकडे मी. पहिल्या दिवशी निरांजन लावेपर्यंत तिचे पाय थरथरायला लागले, बसली. पुढे फुलं वाहून होईपर्यंत उभी राहू लागली. आता अथर्वशीर्ष पूर्ण होईपर्यंत उभी असते, आणि मधेच "डाव्यावर टाकलंय बघ वजन" असं मला सांगते.

हाडाचं औषधपाणी

लकव्यानंतरच्या पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, की हाडाची घनता तपासायला डेक्सा करायचा का. तो बहुधा एकाच खुब्याचा करतात, म्हणून कमजोर बाजूचा खुबा घ्यायला सांगा. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम रक्तात तपासून घ्या. फिट (आकडी) येऊ नये म्हणून फेनिटोइनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण तिच्यामुळे ड जीवनसत्त्व कमी होतं.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ती संपली की पुन्हा विचारल्याशिवाय आणायची नाही. वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेणारे लोक मी पाहिलेत. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. कोवळ्या उन्हात बसवणं मनाला बरं वाटतं, पण हाडांच्या कामाचे किरण त्यात फारसे नसतात. ते दुपारच्या आगेमागे असतात. थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून, डोक्यावर सावली धरून बसवा.

वयस्कर माणसाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, साडेतीनशेच्या आसपास मिळतं. मोठा पेलाभर दुधात तीनशे. दही, ताक, तिळाची चटणी ही भर. डाळ, अंडी, मासे यांतली प्रथिनंही हवीत, स्नायूच नसेल तर हाड एकटं काय करणार? गिळताना ठसका लागत असेल तर भाकरी दुधात किंवा आमटीत मऊ कुस्करून द्या, आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

हाडासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल तर तिचा नियम पाळा: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून ठसका लागणाऱ्या किंवा बसता न येणाऱ्या माणसाबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. अशांना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं.

पडलंच तर

उचलायला धावू नका. हे फार कठीण आहे, मला माहीत आहे. पण पहिलं मिनिट फक्त बघण्याचं आहे.

तोंड वाकडं झालंय का, बोलणं अडखळतंय का, चांगला हातही गळालाय का? मग पडणं हा दुसऱ्या झटक्याचा परिणाम असू शकतो. १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठीक दिसत असला तरी हॉस्पिटलात न्या. मेंदूतला रक्तस्राव काही दिवसांनीही दिसू शकतो, म्हणून पुढचे काही आठवडे गुंगी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेलं बोलणं यांवर नजर ठेवा.

एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, किंवा जांघेत कळ येतेय, तर खुबा मोडलाय असं धरूनच चाला. हलवू नका, पाय ताणू नका, चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. लकव्याच्या बाजूला संवेदना कमी असेल तर दुखणं जाणवतही नाही, आणि बोलणं गेलेला माणूस सांगू शकत नाही. पडल्यानंतर तो पायावर भार घ्यायला नकार देत असेल, तर एवढ्यावरच एक्स-रे काढा. एक्स-रे स्वच्छ आला आणि त्रास तसाच राहिला, तर सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा, बारीक चीर एक्स-रेत निसटते. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं. "वय झालंय, बघू नंतर" म्हणून घरी नेण्यात माणूस अंथरुणाला खिळतो.

काहीच लागलेलं नसेल तर त्याला स्वतः उठू द्या. चांगल्या बाजूच्या अंगाला भक्कम खुर्ची आणा. चांगल्या कुशीवर वळवा, कोपरावर, मग हातावर जोर देऊन बसवा. गुडघ्यांवर आणा, चांगला हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे टेकवून वर. तुम्ही पट्टा धरा, वजन तुम्ही उचलू नका. हे फिजिओथेरपिस्टसमोर सतरंजीवर दोन-तीनदा करून ठेवा. खरं पडण्याच्या वेळी शिकायला वेळ नसतो.

शेवटी एक कागद. आई पडली तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये मला विचारलं, रक्त पातळ करण्याची कोणती गोळी चालू आहे, शेवटची कधी घेतली. अकरा औषधांची पिशवी घरी राहिली होती आणि मला एक नाव आठवेना. आता फ्रिजच्या दारावर कागद आहे, त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये. सगळ्यांत वर लाल अक्षरांत रक्त पातळ करण्याच्या गोळीचं नाव आणि तिची वेळ. खाली लकव्याची तारीख, कमजोर बाजू, ॲलर्जी, खुब्यात रॉड आहे ही नोंद आणि डॉक्टरांचा नंबर. गोळी बदलली की त्याच संध्याकाळी कागद बदलतो, ते काम आईने स्वतःकडे घेतलंय, उजव्या हाताने लिहिते.